पलुस्करबुवा आणि देवळातली पेटी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा निरोप आला, तेव्हा पहिल्यांदा आठवली ती आपल्या जासईच्या देवळातली पेटी. सातवीत असताना मला पेटी शिकायची होती. बाबा मिठागरावर कामाला, घरात खाणारी सात तोंडे. पेटीची किंमत ऐकून आईने विषयच बदलला. शेवटी भजनी मंडळाने तोड काढली. रोज संध्याकाळी तासभर वाजवायची, पण देवळाबाहेर न्यायची नाही. भाता गळका होता आणि तीन पट्ट्या दाबल्या तरी बोलत नसत. तरी माझे सा रे ग म बसले ते तिच्यावरच.

पुढे वाशीला जाऊन गांधर्व महाविद्यालयाची प्रारंभिक परीक्षा दिली. माझ्यासारख्या मुलाला तिथवर जाता आले ते कोणामुळे, हे तेव्हा ठाऊक नव्हते. नंतर पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांचे चरित्र वाचले आणि उलगडा झाला. आज त्यांच्याविषयीच लिहितो.

त्यांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाडला झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ उडाला आणि विष्णूची दृष्टी जवळजवळ गेली. उपचारांसाठी त्याला मिरजेला नेले. डोळे पहिल्यासारखे झाले नाहीत, शाळा सुटली. गळा मात्र चांगला होता, म्हणून त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला ठेवले. खर्चाचा भार मिरजेच्या अधिपतींनी उचलला. कीर्तनकाराच्या घरच्या मिळकतीवर इतकी वर्षे शिकणे अवघडच होते.

त्या काळी शिकणे म्हणजे गुरूच्या घरी राहायचे, पडेल ते काम करायचे आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा एखादी चीज पदरात पाडून घ्यायची. पुस्तक नाही, वेळापत्रक नाही. ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत, त्या बापाने मुलगा इतकी वर्षे गाण्यासाठी सोडायचा कसा? शिवाय शिकून झाले तरी गवयाला समाजात मान नव्हताच. विष्णुबुवांना हेच सलत होते.

1896 साली त्यांनी मिरज सोडली. बडोदे, सौराष्ट्र असे करत ते उत्तरेकडे गेले. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. गाणे दरबारातून बाहेर आले आणि तिकीट काढणारा कोणीही ते ऐकू लागला. 5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. सुरुवातीचे काही दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही. बुवा रिकाम्या वर्गात तंबोरा घेऊन रियाज करत बसत. हळूहळू मुले आली, पुढे मुलीही येऊ लागल्या.

त्यांनी शाळेसारखे वर्ग, इयत्ता आणि परीक्षा लावल्या. स्वतःची स्वरलिपी बसवली, छापखाना घातला आणि ‘संगीत बालप्रकाश’सारखी पुस्तके काढली. वाद्ये दुरुस्त करण्याचीही सोय विद्यालयातच केली. गळक्या भात्यावर शिकलेल्या माणसाला या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. ज्यांना फी परवडत नसे, अशा होतकरू मुलांसाठी उपदेशक वर्ग होता. नऊ वर्षे राहण्याचा करार करायचा. जेवणखाण, कपडालत्ता आणि शिक्षण बुवांकडे. ओंकारनाथ ठाकुरांसारखा अत्यंत गरिबीतला मुलगा याच परंपरेत घडला. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हेही त्यांचेच शिष्य.

1908 मध्ये मुंबईला शाखा निघाली. पुढे सँडहर्स्ट रोडवर कर्ज काढून मोठी वास्तू उभारली. इतक्या मुलांचा खर्च भागवायला बुवा गावोगाव मैफली करत राहिले, पण कर्ज फिटले नाही. अखेर सावकारांनी त्या वास्तूचा लिलाव केला. उभे आयुष्य ज्या शाळेत घातले, तिचे छप्परच गेले. बुवा नाशिकला रामनाम आधार आश्रमात राहिले. घरी बारा मुले झाली, त्यांतला एकटा दत्तात्रेय वाचला. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत बुवा गेले, तेव्हा तो अवघा दहा वर्षांचा होता. तोच पुढे डी. व्ही. पलुस्कर म्हणून गाजला.

हिशेब मांडला तर बुवा तोट्यात गेले. पण त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. वास्तू गेली तरी पद्धत उरली. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा आज गावोगावची मुले देतात. त्याच परीक्षेला मीही बसलो.

आता मुद्द्याचे. फी आणि परीक्षा यांची वाट बुवांनी करून दिली. वाद्याची अडचण मात्र आजही तशीच आहे. पेटी नसेल तर घरी रियाज कशावर करायचा? माझ्या घरी दोन पेट्या आहेत. एक नातीची, दुसरी महिनोन्महिने कोणी उघडत नाही. ती दुरुस्त करून या मेळाव्यात मी शाळेला देतो आहे. तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर तबला, बासरी, बुलबुलतरंग पडून असेल, तर तोही आणा. गुरुजनांनी एका वहीत नोंद ठेवावी आणि मुलांना आळीपाळीने द्यावे.

माझी अट एकच. पेटी मुलांना घरी न्यायला मिळावी.