कर्नलचा मुलगा

कॉन्व्हेंटमध्ये अमेरिकेचं यादवी युद्ध आम्ही दोन पानांत उरकलं होतं. लिंकन आला, गुलामगिरी गेली, पाच मार्क. त्यामुळे फिल्म क्लबने 'द बर्थ ऑफ अ नेशन' लावला तेव्हा मी मांडीवर अपुरं जर्नल घेऊनच बसले होते. मूकपट, तोही तीन तासांचा! झोप येणार याची खात्री होती. पण शेवटची घोडदौड सुरू झाली आणि सगळा हॉल सरसावून बसला. घोड्यांवर कोण आहेत हे लक्षात आल्यावर मात्र सगळे चिडीचूप. पांढरे झगे, तोंडावर बुरखे. कू क्लक्स क्लॅन! त्यांना हीरो करणारा हा माणूस कोण, म्हणून दुसऱ्या दिवशी लायब्ररी गाठली.

डेव्हिड वॉर्क ग्रिफिथ. जन्म २२ जानेवारी १८७५, केंटकीतल्या एका शेतावर. वडील जेकब हे दक्षिणेच्या फौजेत कर्नल होते. दक्षिण हरली १८६५ मध्ये, पण या घरात युद्ध संपलंच नव्हतं. वडील खड्या आवाजात लढायांच्या गोष्टी सांगायचे आणि पोरगा ऐकत बसायचा. गंमत बघा, त्याच्या जन्माच्या दोनच वर्षं आधी, १८७३ मध्ये, इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं. पुण्यात जी गोष्ट आशेची होती, ती केंटकीतल्या त्या घरात सुतकासारखी होती.

डेव्हिड दहा वर्षांचा असताना वडील गेले. मागे राहिलं कर्ज. मग पुस्तकाच्या दुकानात नोकरी, फिरत्या नाटक कंपन्यांत कामं, स्वतःचं एक नाटक, तेही पडलं. १९०८ मध्ये तो बायोग्राफ कंपनीत दिग्दर्शक झाला आणि पाच वर्षांत साडेचारशेच्या आसपास छोटे चित्रपट काढले! कॅमेरामन बिली बिट्झर सोबतीला. क्लोज-अप किंवा दोन ठिकाणच्या घटना आलटून पालटून दाखवणं हे त्याचे शोध नव्हेत, पण त्यातून प्रेक्षकाचा श्वास कसा अडकवायचा हे त्याला पक्कं कळलं होतं.

यात यादवी युद्धावरचे बरेच होते. १९११ च्या 'हिज ट्रस्ट'मध्ये मालक युद्धात मरतो. त्याचा गुलाम जळत्या घरातून मालकाची मुलगी आणि तलवार बाहेर काढतो, आपली झोपडी मालकिणीला देतो आणि स्वतः दाराबाहेर झोपतो. गुलामाला स्वतःचं काही हवं असेल, हे दिग्दर्शकाच्या मनातही येत नाही. शिवाय हा गुलाम म्हणजे तोंडाला काळं फासलेला गोरा नट. तेव्हा रीतच तशी होती म्हणावं, तर १९१४ च्या 'अंकल टॉम्स केबिन'मध्ये टॉमचं काम सॅम लुकास या कृष्णवर्णीय नटाने केलं होतं.

'बर्थ' आला १९१५ मध्ये, थॉमस डिक्सनच्या कादंबरीवरून. त्यात एक शॉट आहे. हरलेला सैनिक घरी परततो आणि दारातून फक्त आईचा हात बाहेर येऊन त्याला आत ओढून घेतो. खरं सांगते, माझ्या डोळ्यात पाणी आलं. म्हणूनच पुढचं जास्त लागलं. उत्तरार्धात मुक्त झालेले गुलाम म्हणजे गुंड आणि क्लॅन म्हणजे तारणहार. प्रत्यक्षात क्लॅन मत द्यायला निघालेल्या कृष्णवर्णीयांचे मुडदे पाडत होती. एनएएसीपी या संघटनेने निदर्शनं केली, काही ठिकाणी बंदीही आली, तरी चित्रपट तुफान चालला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जॉर्जियात मोडीत निघालेली क्लॅन पुन्हा उभी राहिली आणि पुढे भरतीसाठी हाच चित्रपट दाखवू लागली.

ग्रिफिथला मात्र आपल्यावरच अन्याय झाला असं वाटत राहिलं. १९१६ मध्ये त्याने 'इन्टॉलरन्स' काढला, त्यात पैसा बुडाला. १९१९ मध्ये चॅप्लिनबरोबर युनायटेड आर्टिस्ट्स काढली. १९३१ नंतर त्याला एकही चित्रपट करता आला नाही. २३ जुलै १९४८ ला तो हॉलिवूडमध्ये वारला. शेवटी हॉटेलात एकटाच राहायचा. दिग्दर्शकांच्या संघटनेने पुरस्काराला दिलेलं त्याचं नाव १९९९ मध्ये काढून टाकलं.

१९२० मध्ये ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने 'विदिन अवर गेट्स' काढला. त्याचे वडील गुलाम म्हणून जन्मले होते. त्यातही दोन घटना आलटून पालटून येतात, पण इथे झुंड गोऱ्यांची आहे आणि फासावर जातं ते एक निरपराध कृष्णवर्णीय कुटुंब. क्लबच्या सेक्रेटरीला सांगून ठेवलंय, पुढच्या शनिवारी हा लाव. जर्नल अजून अपुरंच आहे.