शिवरायांची गलबते समुद्रतळाशी का टिकली नाहीत?

मालवणला स्कूबासाठी पाण्यात उतरले की पोवळी दिसतात, माशांचे थवे दिसतात आणि वर आले की समोर सिंधुदुर्ग. पण तो बांधणाऱ्या छत्रपती शिवाजी महाराजांची गलबते कुठे गेली?

डोंगरातला राजा समुद्रावर कसा आला?

महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी जुन्नरच्या शिवनेरीवर झाला. १६५७ मध्ये त्यांनी मोगलांच्या जुन्नरवर छापा घातला आणि त्याच वर्षी कल्याण-भिवंडी घेतली. जुन्नरहून नाणेघाटाने उतरणारी जुनी व्यापारी वाट कल्याणकडेच जाते. खाडी हाती येताच जहाजबांधणी सुरू झाली.

आरमाराने काय साधले?

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः आरमार घेऊन कर्नाटकातील बसरूरवर गेले. १६७९ मध्ये मुंबईजवळचे खांदेरी बेट त्यांनी ताब्यात घेतले. इंग्रज आणि सिद्दी दोघेही चालून आले, तरी मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी बेट सोडले नाही. वारा पडला की इंग्रजांची जड जहाजे अडकत. मराठ्यांची हलकी गलबते वल्ह्यांवर उथळ पाण्यातूनही निघून जात.

३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचे निधन झाले. समुद्रात किल्ले उभारणाऱ्या या राजाला जन्मस्थान शिवनेरी मात्र हयातीत परत मिळाले नाही.

मग जहाजे कुठे गेली?

महाराजांच्या जन्माआधी दोन वर्षे, १६२८ मध्ये, स्वीडनची 'वासा' ही लाकडी युद्धनौका स्टॉकहोमजवळ बुडाली. १९६१ मध्ये ती जवळपास अखंड वर काढली. बाल्टिक समुद्राचे पाणी थंड आणि कमी खारट आहे. लाकूड पोखरणारा टेरेडो हा शिंपल्याच्या कुळातला जीव तिथे तग धरत नाही. कोकणच्या उबदार, खाऱ्या पाण्यात तो फोफावतो. गाळात गाडले न गेलेले लाकूड इथे फार काळ टिकत नाही.

आता काय?

लोखंडाला टेरेडो लागत नाही. वाळूच्या तळावर असा कठीण आधार मिळाला की त्यावर शिंपले, स्पंज, पोवळी धरतात आणि मागोमाग मासे येतात. याच हेतूने नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' युद्धनौका निवतीजवळ बुडवण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे.

महाराजांच्या गलबतांचे लाकूड समुद्राने खाल्ले. सिंधुदुर्गाचा दगड अजून लाटा झेलतो आहे.