कावसजीचे नाक आणि आपली हिरडी

कावसजी हा इंग्रजी फौजेतला गाडीवान. १७९२च्या युद्धात टिपूच्या माणसांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभराने पुण्याकडच्या एका वीटकाम करणाऱ्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक दिले. कातडीची पट्टी भुवयांमध्ये जोडलेलीच ठेवल्याने रक्त मिळत राहिले. सुमारे २५ दिवसांनी, नाक रुजल्यावरच ती कापली. १७९४मध्ये ही हकीकत लंडनच्या मासिकात छापून आली.

इम्प्लांटपूर्वी जबड्याचे झिजलेले हाड भरतानाही आधी जिवंत आवरण हवे. अपुरी हिरडी ताणून शिवली, तर टाके उसवतात आणि भरलेले हाड उघडे पडून वाया जाते. म्हणून काही रुग्णांत हिरडीखाली हळूहळू फुगणारा विस्तारक बसवून काही आठवडे हिरडी वाढवतात. डॉक्टर थांबा म्हणाले, तर थांबा.