एका शब्दामागे धावलेला मेजर

परवा इंग्रजीचा गृहपाठ करता करता नातवाने मला पेचात पकडले. 'रन' म्हणजे धावणे, हे त्याला शाळेत शिकवलेले. पण धड्यात नदीही 'रन' होत होती. मग आपली गोदावरी धावते का, असे त्याने विचारले. नदी वाहते, मी सांगितले. तेवढ्याने तो गप्प बसेल असे वाटले होते. त्याने वहीचे मागचे पान उघडले आणि एकेक वाक्य पुढे टाकायला सुरुवात केली.

नदी वाहते, सर्दीने नाकही वाहते. गाडी नाशिकरोडवरून जाते, रस्ता सिन्नरकडे जातो आणि पहिल्या धुण्यात साडीचा रंगही जातो. मेन रोडवरचा व्यापारी दुकान चालवतो. डब्यातली साखर मात्र संपते. अनंत कान्हेरे मैदानावरची पोरे धावा काढतात. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत धावतो, आमच्या निफाडचा उमेदवार निवडणुकीला उभा राहतो! ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०११च्या सुमारास या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजल्याचे मी वाचले होते. आमचे पान दहा-बारांवरच भरले.

त्या रात्री मला मेजर कँडींची आठवण झाली. इंग्रजीचा एकेक शब्द धरून त्याला मराठीत किती दारे आहेत हे शोधत बसलेला हा माणूस. शाळेच्या इतिहासात त्यांचे नाव एका ओळीत येते आणि जाते. दुसऱ्या दिवशी मी सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसलो. हे वाचनालय १८४०चे, कँडींचा कोश १८४७चा. दोघेही एकाच काळाची अपत्ये.

थॉमस कँडी १८०४ साली इंग्लंडमध्ये जन्मले. जॉर्ज हा त्यांचा जुळा भाऊ. विशीही गाठली नसताना, १८२२ साली, हे दोघे भाऊ कंपनी सरकारच्या फौजेत हिंदुस्थानात आले. पेशवाई बुडून चारच वर्षे झाली होती. नव्या राज्यकर्त्यांना रयतेची भाषा हवी होती आणि पलटणीत दुभाषाचे काम करणाऱ्या या तरुणांना भाषेची गोडी लागली. जेम्स मोल्सवर्थ हे तेव्हा मराठी शब्द गोळा करीत होते. कँडी बंधू त्यांना जाऊन मिळाले. शास्त्री-पंडितांना हाताशी धरून झालेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली बाहेर पडला. मोल्सवर्थना लोक पुढे मोलेसरशास्त्री म्हणू लागले. जॉर्ज धर्मप्रसाराकडे वळले. थॉमस भाषेपाशीच राहिले.

मग उलटा कोश सुरू झाला, इंग्रजीतून मराठीत. मोल्सवर्थनी तो हाती घेतला, पण १८३६ साली ते मायदेशी परतले आणि काम कँडींच्या अंगावर पडले. मराठीतून इंग्रजीत जाताना बोलणारा माणूस समोर असतो. त्याचा शब्द उचलायचा आणि समजून घ्यायचा. उलट्या वाटेने जाताना हातात परका शब्द असतो आणि त्या जागी मराठी माणूस काय म्हणेल हे दर वेळी नव्याने विचारावे लागते. एका शब्दाला एक प्रतिशब्द देऊन भागत नाही, हे आमच्या वहीच्या पानाने मला शिकवले. कँडींनी त्याच अडचणीत अकरा वर्षे काढली. १८७३ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी कोशाची दुसरी आवृत्ती काढली. भाषणसांप्रदायिक वाक्ये नावाचे त्यांचे एक पुस्तकही आहे. अर्थ सुट्या शब्दात नसतो, वाक्यात असतो, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

पण गोष्ट इथे संपत नाही. १८३७ पासून कँडी पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख होते. पुढे सरकारी भाषांतराचे काम आणि क्रमिक पुस्तके त्यांच्या हाताखालून जाऊ लागली. विरामचिन्हांवर त्यांनी १८५० साली पुस्तक लिहिले. आज आपण स्वल्पविराम देतो, पूर्णविराम टाकतो, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. मात्र एतद्देशीय विद्वानांची मराठी एका साहेबाने तपासावी, हे अनेकांना बोचत होते. त्या मराठीची वाक्ये इंग्रजीच्या वळणाने चालू लागली, हा आक्षेप तर खराच होता. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला सुरू केली ती याच अस्वस्थतेतून. तीन वर्षांनी, १८७७ साली, महाबळेश्वरला कँडी वारले.

मला हा विरोधाभास सोडवत नाही. ज्याने एका इंग्रजी शब्दासाठी मराठीची अनेक क्रियापदे मांडली, त्याच्याच हातून मराठी वाक्य इंग्रजीच्या साच्यात जाऊ लागले. दोन्ही गोष्टी त्यांनी मराठीवरच्या प्रेमातूनच केल्या, असे मला वाटते. साहेब म्हणून त्यांच्याकडे अधिकार होता आणि अधिकाराने केलेले प्रेम समोरच्याला जड जाते, एवढेच.

आज साहेब नाही, त्याचा दंडकही नाही. तरी माझ्या नातवाच्या तोंडी मोटर रन होते, प्रोग्रॅम रन होतो आणि मामा दुकान रन करतो. परका शब्द आला याचे मला दुःख नाही; टेबल आणि स्टेशन आपण कधीच पचवले. दुःख याचे, की एक शब्द आत आला आणि वाहणे, चालवणे, काढणे, संपणे ही चार क्रियापदे मुकाट्याने बाहेर गेली. इंग्रजीने स्वतःसाठी ६४५ अर्थ जमवले, आपण आपले टाकून देतो आहोत.

संध्याकाळी मी नातवाला उलटा गृहपाठ दिला. लागणे या शब्दाचे इंग्रजी कर म्हटले. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, निकाल लागतो, आंबा गोड लागतो, नोकरी लागते, नाशिकहून त्र्यंबकला जायला वेळ लागतो आणि घाटात काहींना एसटी लागते. पहिल्या दोन वाक्यांनंतर त्याची पेन्सिल थांबली. मग तो हसत सुटला आणि आणखी सांगा म्हणून मागे लागला. हे 'मागे लागणे' आम्ही लगेच यादीत घेतले.

दोनशे वर्षांपूर्वी पलटणीतल्या एका परक्या तरुणालाही ही भाषा अशीच लागली असेल.