१८० अंशांना प्रश्न विचारणारा यानोश

दोन समांतर रेषांना छेदिका छेदते, तेव्हा एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज १८० अंश. शाळेत आपण सगळ्यांनीच हे घोकलंय. ही बेरीज १८० पेक्षा कमी भरली, तर त्या रेषा त्या बाजूला कुठेतरी भेटणारच, असं युक्लिडने म्हटलं. म्हटलं, पण सिद्ध केलं नाही, गृहीत धरलं. ते सिद्ध करताना पुढची दोन हजार वर्षं भल्याभल्यांची दमछाक झाली.

त्यातलेच एक फार्काश बोयाई, ट्रान्सिल्व्हानियातले गणिताचे प्राध्यापक. त्यांचा मुलगा यानोश १८०२ मध्ये जन्मला. तोही याच प्रश्नामागे लागलाय म्हटल्यावर फार्काश हादरले. आपलं आयुष्य यात करपलं, तू यात पडू नकोस, असं त्यांनी पत्रातून विनवलं. पोरगा ऐकतोय कसला! व्हिएन्नाच्या लष्करी अकादमीत शिकलेला, व्हायोलिन आणि तलवार दोन्हींत तरबेज.

त्याने प्रश्नच उलटा केला. युक्लिडचं हे गृहीतक खरं नसेल तर? मग एका बिंदूतून दिलेल्या रेषेला न भेटणाऱ्या कितीतरी रेषा निघतात. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० पेक्षा कमी भरते आणि त्रिकोण जितका मोठा, तितकी ती आणखी घटते. विचित्र वाटतं, पण तर्कात कुठेच खोट सापडेना. यानोश तेव्हा जेमतेम विशीत होता!

१८३२ मध्ये वडिलांनी आपल्या ग्रंथाला हे काम परिशिष्ट म्हणून जोडलं आणि जुना मित्र गाऊसकडे पाठवलं. गाऊसचं उत्तर आलं: याचं कौतुक करणं म्हणजे स्वतःचंच कौतुक, कारण हे विचार माझ्या डोक्यात तीसेक वर्षं आहेत. खरंही असेल ते. पण त्याने एक अक्षर छापलं नव्हतं. दुसऱ्या एका मित्राला मात्र त्याने हा तरुण अव्वल दर्जाचा प्रतिभावंत असल्याचं कळवलं. ते चारचौघांत म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

यानोश मनातून खचला. पुढच्याच वर्षी लष्करातून निवृत्त झाला. १८४८ मध्ये कळलं, की कझानच्या लोबाचेव्हस्कीने हीच भूमिती १८२९ मध्येच छापलीये. त्यानंतरही तो लिहीत राहिला, छापलं मात्र काहीच नाही. १८६० मध्ये तो गेला, तेव्हा मागे हस्तलिखितांची हजारो पानं होती. आठ वर्षांनी इटलीच्या बेल्त्रामीने दाखवून दिलं, की युक्लिडची भूमिती निर्दोष असेल, तर यानोशचीही तितकीच निर्दोष आहे.