बाळू पालवणकर

बाळू पालवणकर (१९ मार्च १८७६, धारवाड – ४ जुलै १९५५, मुंबई) हे भारतीय क्रिकेटच्या आरंभकाळातील एक श्रेष्ठ गोलंदाज होते. धावफलकांवर आणि वृत्तपत्रांत त्यांचे नाव पी. बाळू असे नोंदले जाई. डावखुरे मंदगती गोलंदाज म्हणून त्यांनी सुमारे दीड दशक मुंबईतील हिंदू संघाच्या आक्रमणाची धुरा सांभाळली. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या अखिल भारतीय संघाचे ते सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या चांभार समाजातून येऊन राष्ट्रीय कीर्ती मिळविणारे ते पहिले क्रिकेटपटू होत. खेळातून निवृत्त झाल्यानंतर ते राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ मध्ये त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध निवडणूक लढविली.

जन्म आणि बालपण

बाळू यांचा जन्म धारवाड येथे झाला. पालवणकर हे आडनाव कुटुंबाच्या कोकणातील मूळ गावावरून आले. वडिलांची नोकरी लष्कराशी निगडित असल्याने कुटुंब पुण्यात स्थायिक झाले होते. त्या काळी पुणे हे मुंबई इलाख्यातील मोठे लष्करी ठाणे होते आणि छावणीच्या मैदानांवर इंग्रज अधिकारी नियमितपणे क्रिकेट खेळत. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हा खेळ शिकले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे आणखी दोन भाऊही क्रिकेटमध्ये आले. एकाच घरातील चार भाऊ उच्च दर्जाचे क्रिकेट खेळल्याचे हे त्या काळातील विरळा उदाहरण आहे.

घरच्या परिस्थितीमुळे बाळूंचे शिक्षण लवकर थांबले. पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात त्यांना मैदान झाडण्याचे आणि खेळपट्टीवर रोलर फिरविण्याचे काम मिळाले. त्याचे वेतन महिना तीन रुपये होते. अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकण्याची संधीही मिळे.

युरोपियनांच्या क्लबातील नोकरी

१८९२ च्या सुमारास बाळू पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात नोकरीस लागले. येथे त्यांना महिना चार रुपये मिळत. खेळपट्टी तयार करणे, जाळी उभारणे, टेनिसच्या मैदानावर रेषा आखणे अशी कामे त्यांच्याकडे होती. सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करणे हा हळूहळू त्यांच्या कामाचा मुख्य भाग झाला. क्लबातील सर्वांत नामांकित फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग हे होते. ग्रेग सामन्याच्या दिवसांखेरीज तासन्‌तास सराव करीत आणि त्यांना चेंडू टाकण्याचे काम बाळूंकडे असे. आपल्याला बाद केल्यास ग्रेग दर वेळी आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे.

या वर्षांत बाळूंनी हजारो चेंडू टाकले. चेंडूला उंची देणे, तो दोन्ही बाजूंना वळविणे, टप्पा अचूक राखणे आणि फलंदाजाच्या दुर्बलतेचा अंदाज घेणे या सर्व गोष्टी त्यांनी सरावाच्या जाळीतच आत्मसात केल्या. मात्र त्यांना फलंदाजी करू दिली जात नसे. फलंदाजी हा साहेबांचा आणि गोलंदाजी हा नोकराचा भाग, अशी तेथील विभागणी होती.

पुण्याच्या हिंदू संघात प्रवेश

पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंचा एक संघ युरोपियनांच्या क्लबाशी सामने खेळत असे. बाळूंच्या गोलंदाजीची ख्याती या संघापर्यंत पोहोचली, तेव्हा त्यांना संघात घ्यावे की नाही यावरून सभासदांत मतभेद झाला. काही तेलुगू भाषक सभासद त्यांच्या बाजूने होते, तर काही ब्राह्मण खेळाडूंना अस्पृश्याबरोबर खेळणे मान्य नव्हते. ग्रेग यांनीही बाळूंना वगळणे हा हिंदू संघाचा मूर्खपणा ठरेल, अशा आशयाचे मत व्यक्त केल्याचे सांगितले जाते. अखेर युरोपियनांना हरविण्याची इच्छा बलवत्तर ठरली आणि बाळूंचा संघात समावेश झाला.

हा समावेश मैदानाच्या सीमारेषेपुरताच होता. खेळताना सवर्ण खेळाडू त्यांनी हाताळलेल्या चेंडूला स्पर्श करीत. चहापानाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर उभे राहून, वापरून टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई. जेवणाचे ताट आणि बसण्याची जागा वेगळी असे. हातपाय धुण्यासाठी लागणारे पाणीही अस्पृश्य नोकरानेच आणून द्यावे लागे.

बाळूंच्या गोलंदाजीच्या बळावर पुण्याच्या हिंदू संघाने युरोपियनांच्या संघांना हरविले. त्यांतील साताऱ्याच्या जिमखान्यावरील विजय विशेष गाजला. त्यानंतर झालेल्या सत्कारात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचा गौरव केला. ज्या माणसाबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास संकोच कशाला, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. लोकमान्य टिळकांनीही त्यांचे जाहीर कौतुक केले.

मुंबईतील कारकीर्द

१८९६ मध्ये प्लेगची साथ सुरू झाली आणि बाळू पुण्याहून मुंबईस आले. मुंबईत परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याची स्थापना होऊन थोडीच वर्षे झाली होती. येथेही त्यांच्या प्रवेशास काही सभासदांनी विरोध केला, परंतु तो टिकला नाही. बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळू लागले.

मुंबईत क्रिकेटचे संघ धर्मानुसार बनत. युरोपियन आणि पारशी यांच्यातील वार्षिक सामने १८९२ पासून चालू होते. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू संघ प्रथमच युरोपियनांसमोर उभा राहिला. हिंदूंनी २४२ आणि १६०, तर युरोपियनांनी १९१ आणि १०२ धावा केल्या. हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. या विजयात बाळू आणि वेगवान गोलंदाज एराशा यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. पुढच्या वर्षीही हिंदूंनी युरोपियनांना हरविले. बंगालच्या फाळणीमुळे स्वदेशीची चळवळ जोरात असताना मिळालेल्या या विजयांना देशभर महत्त्व आले.

त्या काळच्या सुधारणावादी वृत्तपत्रांनी या घटनेची वेगळी नोंद घेतली. हिंदू जिमखान्याने पालवणकर बंधूंना आपल्यासोबत खेळू आणि जेवू दिले, ही गोष्ट सामन्यातील विजयापेक्षाही मोलाची असल्याचे त्यांनी प्रतिपादन केले. पुण्यात मातीच्या भांड्यातून चहा घेणारा खेळाडू मुंबईत सहकाऱ्यांच्या पंक्तीस बसू लागला होता.

१९०७ पासून युरोपियन, पारशी आणि हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लीम संघ आल्यावर ती चौरंगी झाली. या स्पर्धांत बाळू हे हिंदू संघाचे प्रमुख गोलंदाज होते. यष्टिरक्षक के. शेषाचारी यांच्याबरोबरची त्यांची जोडी विशेष प्रसिद्ध होती. क्रीज सोडून पुढे आलेले अनेक फलंदाज या जोडीने यष्टिचीत केले.

१९११ चा इंग्लंड दौरा

१९११ च्या उन्हाळ्यात पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग त्याचे कर्णधार होते. संघात पारशी, हिंदू, मुस्लीम आणि शीख खेळाडू होते. बाळू आणि शिवराम या दोघा भावांची निवड झाली होती. त्या वेळी बाळूंचे वय पस्तीस वर्षांचे होते आणि त्यांचा खांदा दुखत असे.

संघाची एकूण कामगिरी निराशाजनक झाली. प्रथम श्रेणीच्या चौदा सामन्यांपैकी दहा सामने संघाने गमावले आणि दोनच जिंकले. महाराजांचे लक्ष मैदानापेक्षा समारंभांकडे अधिक राहिले. या पार्श्वभूमीवर बाळूंची कामगिरी उठून दिसली. दौऱ्यातील सर्व सामने मिळून त्यांनी १०० हून अधिक बळी घेतले. प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांना २०.१२ च्या सरासरीने ७५ बळी मिळाले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले. लीस्टरशायरविरुद्धच्या विजयाचे ते प्रमुख शिल्पकार होते. सॉमरसेटविरुद्धचा सामना संघाने एका गड्याने जिंकला, त्यात शिवराम यांनी नाबाद शतक झळकावले. इंग्लंडमधील जाणकारांनी बाळूंची तुलना यॉर्कशायरच्या विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी केली.

मायदेशी परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सुमारास भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत होते. आंबेडकर आणि त्यांच्या पिढीतील अनेक तरुणांना बाळू आदर्श वाटत असत.

कर्णधारपदाचा वाद

बाळू हे हिंदू संघातील ज्येष्ठ आणि सर्वांत यशस्वी खेळाडू होते. तरीही संघाचे नेतृत्व त्यांना कधीच देण्यात आले नाही. कर्णधार नेहमी उच्चवर्णीयांतून निवडला जाई. एम. डी. पै यांची कर्णधारपदी निवड झाली तेव्हा हा मान खरे तर बाळूंना मिळावयास हवा होता, असे खुद्द पै यांनी आपल्या सत्काराच्या वेळी मान्य केले.

१९२० च्या चौरंगी स्पर्धेत हा प्रश्न उघडपणे पुढे आला. पहिल्या सामन्यासाठी बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि विठ्ठल यांचा कर्णधारपदावरील दावाही डावलण्यात आला. विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. जातीमुळे आपला अपमान होत असल्याचे त्यांनी जाहीर निवेदनाद्वारे सांगितले. असहकाराच्या चळवळीमुळे अस्पृश्यतेचा प्रश्न त्या वेळी राष्ट्रीय चर्चेत आला होता. त्यामुळे लोकमत पालवणकर बंधूंच्या बाजूने वळले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी तिघाही भावांना संघात घेण्यात आले आणि बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळेपुरते बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. हिंदू संघाचे नेतृत्व करण्याची त्यांना मिळालेली हीच संधी होय. याच हंगामानंतर त्यांची प्रथम श्रेणी कारकीर्द संपली.

१९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर यांची हिंदू संघाच्या कर्णधारपदी नियुक्ती झाली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्या भावास नाकारलेला मान अशा रीतीने धाकट्या भावास मिळाला.

राजकीय जीवन

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक कार्यात सहभागी झाले. १९३१ च्या गोलमेज परिषदेत डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघांची मागणी केली. बाळूंना ही मागणी मान्य नव्हती. मद्रासचे नेते एम. सी. राजा यांच्याप्रमाणे तेही संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा यांचे पुरस्कर्ते होते. हिंदू समाजापासून वेगळे न होता त्याच्या अंतर्गत राहूनच हक्क मिळवावेत, अशी त्यांची भूमिका होती.

१९३२ मध्ये महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू केल्यावर तडजोडीसाठी वाटाघाटी झाल्या. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. त्यावर स्वाक्षरी करणाऱ्यांत बाळू यांचा समावेश होता. पुढच्या वर्षी त्यांनी हिंदू महासभेच्या तिकिटावर मुंबई महानगरपालिकेची निवडणूक लढविली, पण ते पराभूत झाले.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतिक विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने डॉ. आंबेडकरांविरुद्ध बाळूंना उमेदवारी दिली. आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे होते. महार समाजातील नेत्यासमोर चांभार समाजातील लोकप्रिय खेळाडू उभा करून अस्पृश्यांची मते विभागावीत, हा त्यामागील हेतू असल्याचे अभ्यासक मानतात. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. ज्या तरुणाने एके काळी बाळूंना आपला आदर्श मानले होते, त्याच्याकडूनच त्यांचा २,०२० मतांनी पराभव झाला. या निवडणुकीनंतर ते राजकारणात फारसे पुढे आले नाहीत.

कारकिर्दीचा आढावा

प्रकार: डावखुरी मंदगती गोलंदाजी
प्रथम श्रेणी कारकीर्द: १९०५-०६ ते १९२०-२१
सामने: ३३
बळी: १७९
सरासरी: १५.२१
डावातील सर्वोत्तम कामगिरी: १०३ धावांत ८ बळी

ही आकडेवारी त्यांच्या एकूण खेळाचा एक भागच दर्शविते. प्रथम श्रेणीचा दर्जा मिळालेले सामने त्या काळी भारतात फार थोडे होत. पहिला प्रथम श्रेणी सामना खेळले तेव्हा बाळू तिशीच्या उंबरठ्यावर होते आणि त्यापूर्वीची त्यांची पुण्यातील वर्षे या आकड्यांत येत नाहीत. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला, तोपर्यंत त्यांनी वयाची छप्पन्न वर्षे पूर्ण केली होती.

मृत्यू आणि वारसा

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकर यांचे निधन झाले. पुढील काही दशके त्यांचे नाव क्रिकेटच्या इतिहासात जवळजवळ विस्मृतीत गेले होते. विठ्ठल पालवणकर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेले माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र पालवणकर बंधूंविषयीचे महत्त्वाचे साधन आहे. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरील आपल्या २००२ च्या ग्रंथात बाळूंना मध्यवर्ती स्थान दिले. त्यानंतर त्यांच्या जीवनाविषयी अभ्यासकांत आणि सर्वसामान्य वाचकांत पुन्हा आस्था निर्माण झाली. लगान या हिंदी चित्रपटातील कचरा या अस्पृश्य गोलंदाजाच्या पात्राची तुलना अनेकदा बाळूंशी केली जाते.

अस्पृश्यांस समाजात मानाचे स्थान मिळविण्याचे मार्ग जवळजवळ बंद असताना बाळूंनी खेळातील कौशल्याच्या बळावर ते मिळविले. त्यांच्या यशाने हिंदू संघाचे दरवाजे त्यांच्या भावांसाठीही खुले झाले. मात्र विजयासाठी त्यांची गोलंदाजी हवी असणाऱ्या संघाने त्यांना कर्णधारपद दिले नाही. त्यामुळे भारतीय खेळातील जातिभेदाच्या अभ्यासात त्यांच्या जीवनाचा उल्लेख आवर्जून केला जातो.