सभागृहाबाहेरचा लोकसेवक : कै. कुशाभाऊ ठाकरे

विद्यार्थी मित्रहो, विधानसभा म्हटली की भाषणे, प्रश्नोत्तरे आणि मतमोजणी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु आमदार सभागृहात जाऊन बसण्यापूर्वी कोणीतरी त्याच्यासाठी गावोगाव हिंडलेले असते, सभा भरविलेल्या असतात, माणसे जोडलेली असतात. अशा माणसांची नावे कामकाजाच्या नोंदींत सापडत नाहीत. धारचे कै. कुशाभाऊ ठाकरे हे त्यांपैकीच एक. त्यांच्या पक्षाची मते ज्यांना मान्य नसतील त्यांनीही त्यांच्या जीवनक्रमाचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

धार व देवास ही पवारांची संस्थाने. मराठ्यांच्या अमलात अनेक मराठी कुटुंबे माळव्यात येऊन स्थायिक झाली. धार येथील अशाच एका मराठी कुटुंबात दि. १५ ऑगस्ट १९२२ रोजी कुशाभाऊंचा जन्म झाला. वडिलांचे नाव सुंदरराव व आईचे शांताबाई. देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी त्यांना पंचवीस वर्षे पूर्ण झाली, हा एक सुंदर योगायोग होय. त्यांचे शिक्षण धार व ग्वाल्हेर येथे झाले. इ. स. १९४२ मध्ये ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रचारक झाले. त्यांनी विवाह केला नाही व स्वतःचा संसार थाटला नाही. नीमच, रतलाम या भागांत त्यांचे काम सुरू झाले. घरची भाषा मराठी, तर लोकांत वावरावयाचे ते हिंदीत व माळवीत. घरी एक भाषा आणि बाहेर दुसरी, हा अनुभव आम्हां कोकणी बोलणाऱ्यांनाही परिचयाचा आहे. ज्यांच्यात काम करावयाचे त्यांची भाषा आपलीशी केल्यावाचून लोक आपले होत नाहीत.

इ. स. १९४८ मध्ये धार व देवास ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, आणि दि. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले. या विस्तीर्ण राज्यात भारतीय जनसंघाच्या संघटनेचा भार कुशाभाऊंच्या खांद्यांवर पडला. १९५७ च्या निवडणुकीत त्या पक्षाला विधानसभेच्या २८८ जागांपैकी केवळ १० मिळाल्या. पुढे १९६२ मध्ये ४१ आणि १९६७ मध्ये २९६ पैकी ७८ जागा मिळाल्या. या आकड्यांमागे असंख्य कार्यकर्त्यांचे श्रम आहेत. त्या श्रमांना वळण लावणाऱ्यांत कुशाभाऊ अग्रभागी होते.

आपल्या देवास जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. हाटपिपल्याचे कैलास जोशी हे १९६२ साली बागली मतदारसंघातून प्रथम निवडून आले आणि ती धरून लागोपाठ आठ निवडणुका जिंकले. १९७७ मध्ये ते राज्याचे मुख्यमंत्री झाले. एकाच संघटनेतील ही दोन माणसे : देवासच्या जोशींनी सभागृह गाजविले, धारच्या ठाकऱ्यांनी सभागृहाबाहेरची बाजू सांभाळली. लोकशाहीच्या गाड्याला ही दोन्ही चाके लागतात.

१९७५ साली आणीबाणी पुकारली गेली, तेव्हा कुशाभाऊंना १९ महिने कारावास भोगावा लागला. १९७९ मध्ये खंडवा येथील पोटनिवडणुकीत विजयी होऊन ते लोकसभेत गेले; परंतु १९८० मध्ये त्याच ठिकाणी त्यांचा पराभव झाला. अशा वेळी पुष्कळांचे मन खचते. कुशाभाऊ मात्र पुन्हा आपल्या जुन्या कामाकडे वळले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या भारतीय जनता पक्षाच्या संघटनेत त्यांनी वर्षानुवर्षे काम केले आणि १९९८ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, ते त्या पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले. हा काळही केवळ यशाचा नव्हता. केंद्रात त्यांच्या पक्षाच्या नेतृत्वाखाली सरकार होते, तरी त्याच वर्षाच्या अखेरीस खुद्द मध्यप्रदेशात पक्ष निवडणूक हरला. २००० साली ते अध्यक्षपदावरून निवृत्त झाले.

पुढे २००३ च्या डिसेंबरात मध्यप्रदेश विधानसभेचे निकाल लागले व २३० पैकी १७३ जागा त्यांच्या पक्षाने जिंकल्या. दहा जागांपासून चाललेली वाटचाल त्यांनी येथवर पाहिली. त्याच महिन्याच्या २८ तारखेस दिल्ली येथे त्यांचे देहावसान झाले.

भोपाळ येथे मिंटो हॉल नावाची जुनी भव्य इमारत आहे. इ. स. १९५६ पासून १९९६ पर्यंत मध्यप्रदेशची विधानसभा तेथेच भरत असे. कुशाभाऊंनी ज्यांना निवडून आणण्यासाठी पायपीट केली ते आमदार तेथे बसले, बोलले, मंत्रीही झाले. स्वतः कुशाभाऊ मात्र त्या सभेचे सदस्य कधी झाले नाहीत. २०२१ साली त्याच वास्तूला त्यांचे नाव देण्यात आले.

मित्रहो, स्नेहसंमेलनात रंगमंचावर चमकणारे थोडेच असतात. पडदे ओढणारे, सतरंज्या घालणारे पुष्कळ असतात. त्यांच्यावाचून कार्यक्रम उभा राहत नाही. आपले मत कोणत्याही पक्षाला असो. पराभवाने न खचता, पदाची वाट न पाहता नेमून घेतलेले काम साठ वर्षे करीत राहणे, एवढा एक गुण धारच्या या सुपुत्राकडून आपण घ्यावा, असे आम्ही सुचवितो.